गव्हाचा सरस

१

बाक कोसळला तो भर दुपारी, भरल्या सभागृहात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यावर बसलेल्या तिघांपैकी दोघं कपडे झटकत, हसत उठले. तिसरी उठली नाही. ज्या बाईंनी तो बाक घडवला, त्यांचीच ती सासू होती, आणि तिचा खुबा मोडला होता.

बाक दिसायला साधा होता. शाळेच्या वर्गात असतो तसा लांबोळका, बिनपाठीचा. पण त्यात एकही खिळा नव्हता की स्क्रू नव्हता. अख्खा बाक गव्हावर उभा होता. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळत राहिलं की पांढरं पिठूळ पाणी वाहून जातं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. ते गव्हातलं प्रथिन. त्याची पूड करून, तिच्यात आणखी चार गोष्टी मिसळून इथल्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या या बाईंनी लाकूड चिकटवायचा सरस बनवला होता. दोन फळ्यांमध्ये तो लावायचा आणि फळ्या तापत्या प्रेसमध्ये दाबायच्या. मग लाकूड फाटेल, पण सांधा सुटणार नाही. बाजारच्या सरसासारखा डोळे चुरचुरवणारा वास नाही, मुलांच्या नाकात जाणारी विषारी वाफ नाही. शाळांना बाक पुरवणारा एक मोठा कारखाना तो घ्यायला राजी झाला होता. त्या दुपारी पहिल्या रांगेत कारखान्याचीच माणसं बसली होती.

आधी बाकावर वाळूची पोती रचली होती. बाकाने ती मुकाट्याने पेलली. टाळ्या झाल्या. मग कुणीतरी म्हणालं, आता माणसं बसवा. माणसं बसली, आणि बाकाचा डावा पाय पुस्तक उघडावं तसा मधोमध उघडला.

संध्याकाळी बाईंनी फोन केला तो आपल्या थोरल्या बहिणीला. या थोरलीला तिच्या धंद्यातली माणसं मोडताई म्हणत. पुलाचा कठडा, यंत्राचा दांडा, बॉयलरचा पत्रा, जे मोडेल ते तिच्यापुढे यायचं, आणि मोडलेल्या जागेकडे पाहून ते का मोडलं हे ती सांगायची. त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण घडवणारीचा फोटो छापून येतो; मोडलेलं बघणारीची फक्त सही लागते. सूक्ष्मदर्शकात डोळा कसा लावायचा हे धाकटीला शिकवलं होतं थोरलीने, आणि हार पडत होते धाकटीच्या गळ्यात.

"ताई, माझा बाक मोडला," धाकटी फोनवर म्हणाली, आणि मोडताईच्या छातीतला कुठलासा जुना दगड अलगद बाजूला सरला. क्षणभरच. मग म्हातारीच्या खुब्याचं कानावर आलं, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सभागृहात गेली. बाक पडला होता तसाच ठेवला होता. तिने भिंग काढलं आणि गुडघ्यांवर बसून आधी धड राहिलेला उजवा पाय पाहिला. पाय म्हणजे दोन जाड फळ्या, पोटाला पोट लावून चिकटवलेल्या. फळ्यांमधली सरसाची रेघ तांबूस तपकिरी होती, भाजलेल्या पावाच्या कडेसारखी. मग ती डाव्या पायाकडे सरकली. तिथली रेघ फिकट होती, कच्च्या कणकेसारखी.

धाकटी मागे उभी होती. मोडताई मान न वळवता म्हणाली, "हा पाय प्रेसमध्ये गेलेलाच नाही."

२

धाकटी शपथेवर सांगत होती की दोन्ही पाय तिच्या समोर प्रेसमध्ये गेले. कार्यशाळेतल्या सुतारमिस्त्रीने ते बाहेर काढले तेव्हा दोन्हींची रेघ तपकिरी होती. तिने स्वतः बोट फिरवून पाहिलं होतं. म्हणजे तिचा पाय कुणीतरी काढून नेला होता आणि त्या जागी तसाच दिसणारा दुसरा बसवला होता. पाय बाकाच्या खाचेत लाकडी खुंट्यांनी अडकवलेले असल्याने हातोडीच्या चार ठोक्यांचंच काम होतं. वर वार्निशचा हात मारलेला होता. भिंग लावल्याशिवाय रेघेचा फरक कुणाला दिसला नसता.

संस्थेचे संचालक घाम पुसत होते. कारखानेवाल्यांनी चार दिवसांची सवड दिली होती. सरसच लेचापेचा निघाला तर व्यवहार मोडला. कुणी घात केला असेल तर निदान सरस तरी निर्दोष ठरेल. त्यांना अहवालापेक्षा नाव हवं होतं. कुणाचंही चाललं असतं.

कार्यशाळेच्या किल्ल्या चौघांकडे होत्या, असं धाकटीने सांगितलं. एक तिच्याकडे, एक तिच्या नवऱ्याकडे, एक मिस्त्रीकडे आणि एक सोयाबाईंकडे.

मोडताईने आधी मिस्त्री गाठला. माणूस तोंडाळ होता आणि दुखावलेला होता. उभा जन्म खिळे ठोकण्यात गेला, आणि म्हातारपणी त्याला बिनखिळ्याचा बाक करायला लावला, हे त्याच्या पचनी पडलं नव्हतं. खिळा असता तर म्हातारी आज पायांवर असती, हे त्याने तीनदा तरी ऐकवलं. बाकाच्या पायांसाठी त्याने जास्तीच्या दोन फळ्या कापून कोपऱ्यात ठेवल्या होत्या, लागल्या तर असाव्यात म्हणून. त्या कुठे आहेत, असं विचारल्यावर तो उठला, कोपरा धुंडाळला, फळकुटांचा ढीग उपसला आणि रिकाम्या हाताने परत आला. चेहरा पडला होता.

"मी असतो तर सुईसुद्धा हलली नसती," तो म्हणाला. "पण मी होतो कुठे?"

तो डोळ्याच्या ऑपरेशनला गेला होता. बाक जोडून झाला आणि तो थेट दवाखान्यात भरती झाला. पट्टी सुटली ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. त्याच्या सुनेने आणि डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मधल्या काळात कार्यशाळेत कोण यायचं जायचं, याचा त्याला पत्ता नव्हता. मात्र परतल्यावर त्याने एक गोष्ट पाहिली होती. त्याचे क्लॅम्प, म्हणजे फळ्या आवळून धरायचे लोखंडी शिकंजे, त्याच्या नेहमीच्या खुंटीवर नव्हते. कुणीतरी ते वापरून, पुसून, तेल लावून, दुसऱ्या भिंतीवर ओळीने टांगले होते.

"तेल लावून?" मोडताईने विचारलं.

"तेल लावून. माझ्याहून नीट."

चोर कधी दुसऱ्याच्या हत्याराला तेल लावतो का, हा प्रश्न मनात घेऊन ती कार्यशाळेबाहेर पडली, तर दारातच सोयाबाई उभ्या होत्या.

३

सोयाबाई म्हणजे धाकटीच्या शेजारच्या खोलीतल्या रसायनतज्ज्ञ. सोयाबीनच्या प्रथिनापासून सरस बनवण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली, म्हणून हे नाव. गव्हाचा सरस पुढे गेला, आणि संस्थेने एका बैठकीत सोयाबाईंचं काम गुंडाळून टाकलं. तेव्हापासून दोघी बायका जिन्यात भेटल्या तरी भिंतीकडे पाहून जात.

आपल्याला बोलवायची वाट न पाहता त्या स्वतःच आल्या होत्या. सगळी संस्था आपल्याकडे बोट दाखवणार, तर आपणच आधी बोललेलं बरं, असा त्यांचा हिशोब. खुर्ची ओढून त्या बसल्या आणि लपवाछपवी न करता सांगून टाकलं की बाक मोडला तेव्हा त्यांना आनंद झाला. पोटातून झाला. मग गर्दीतून म्हातारीचा वाकडा पडलेला पाय दिसला, आणि त्या बाहेर जाऊन ओकल्या.

पुढे त्या हसल्याच. म्हणाल्या, माझा सरस नीरस ठरला हे खरं. पण मला घातच करायचा असता, तर पाय बदलण्याचा खटाटोप कशाला केला असता? धाकटीच्या पुडीत चिमूटभर सल्फाइट टाकलं असतं. गव्हाच्या प्रथिनाचे धागे एकमेकांत गुंतून त्याला बळ येतं. सल्फाइट ती गुंतवळ कात्रीसारखी सोडवतं. अख्खा बाकच पाघळला असता आणि तुमच्या भिंगालाही काही दिसलं नसतं. किल्लीचं विचाराल, तर ज्या दिवशी काम बंद केलं त्याच दिवशी ती संचालकांच्या टेबलावर फेकली. विचारा त्यांना.

मोडताईला ही बाई आवडली, आणि आवडली याची भीती वाटली. तिचं एकेक वाक्य ओळखीचं होतं. जाता जाता सोयाबाई दाराशी थांबल्या.

"एक विचारू? तुम्ही बहिणी आहात, म्हणून विचारते. बातमी ऐकली तेव्हा तुम्हाला बरं वाटलं नाही? अगदी पहिल्यांदा?"

मोडताईने भिंग रुमालात गुंडाळायला घेतलं. ते आधीच गुंडाळलेलं होतं.

"वाटलं ना," सोयाबाई म्हणाल्या. "मग आपल्या दोघींना सोडा. आपलं जळणं आपल्याला तोंडपाठ असतं. ज्याला आपण जळतोय हे कबूलच नाही, त्याला शोधा."

४

दवाखान्याच्या व्हरांड्यात धाकटीचा नवरा भेटला. संस्थेत त्याला शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे 'मिस्टर' म्हणत. 'बाईंचे मिस्टर' असं सुरू झालं आणि पुढे त्यातल्या बाई गळून पडल्या. तोही इंजिनियर होता. त्याचा विभाग मोडला तेव्हा त्याचं टेबल बायकोच्या प्रयोगशाळेत खिडकीखाली आलं, आणि तो कधी कुरकुरला नाही. माणूस गोड. धाकटीच्या भाषणांना शेवटच्या रांगेत बसायचा, तिची पिशवी सांभाळायचा. मोडताईला तो नेहमी बरा वाटे. बहिणीला असा नवरा मिळाला, या गोष्टीचीही तिने मनातल्या मनात असूया केली होती.

आज त्याचे डोळे खोल गेले होते. कालपासून तो आईच्या उशाशी होता. ऑपरेशन झालं होतं. म्हातारी चालेल, पण काठी घेऊन, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मोडताईने त्याला पाय बदलल्याचं सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता. तिला वाटलं होतं तो चिडेल, कुणी केलं असं विचारेल. त्याने वेगळंच विचारलं.

"ताई, कडा तरी धरून होत्या का?"

ती म्हणाली, अजून सांधा नीट उलगडून पाहिला नाही, आज बघेन. तो बरं म्हणाला आणि आईसाठी पाणी आणायला गेला.

त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. सभागृहातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं: माणसं बसवा म्हटल्यावर मिस्टर उठला, आईचा हात धरून तिला पुढे आणलं आणि स्वतःच्या हाताने बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं. पाय कच्चा आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो पोटच्या आईला त्यावर बसवेल का? वैऱ्याला बसवेल, बायकोला बसवेल एक वेळ, पण आईला?

ती संस्थेत परतली तेव्हा संचालकांनी टेबलाचा खण उघडून दाखवला. सोयाबाईंची किल्ली आत पडली होती. तेव्हापासून तिथेच होती. खणाला कुलूप होतं.

"म्हणजे मिस्त्री नाही, त्या बाई नाहीत, मिस्टर तर नाहीतच," संचालक हळू आवाजात म्हणाले. "किल्ली उरली एकाच माणसाकडे. राग मानू नका. सरस कच्चा आहे हे तुमच्या बहिणीला आधीच कळलं असेल तर? उद्या कारखान्यात अब्रू जाण्यापेक्षा आज घाताचा देखावा बरा."

 मोडताईच्या ध्यानात आलं की संचालकांचं म्हणणं खोडून काढायच्या आधी तिने ते एकदा जिभेवर घोळवून पाहिलं, आणि ते गोड लागलं.

५

दुपारभर ती डाव्या पायापुढे बसून राहिली. उघडलेल्या दोन्ही फळ्या तिने खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी मांडल्या. मनात एकच गोष्ट घोकत होती: जे दिसतंय तेवढंच बघ, जे हवंय ते बघू नकोस. आयुष्यभर इतरांच्या बाबतीत हे सोपं गेलं होतं.

कडेपासून सुरुवात केली. फळीच्या चारही कडांना, बोटभर रुंद पट्ट्यात, लाकूड फाटलं होतं. सरस तिथे असा घट्ट बसला होता, की सुटताना समोरच्या फळीचे तंतू उपटून घेऊन आला. ती चमकली. हा काही कच्चा सरस नव्हता. मग तिने मधला भाग पाहिला. तिथे पृष्ठभाग गुळगुळीत, फिकट. नखाने खरवडून कण बोटांत घेतला, थुंकीने ओला केला, तर तो ताणला गेला, तार धरली. नाकाशी नेला, तर किंचित आंबूस. कडेचा कण मात्र कितीही भिजवला तरी खडीसारखा कुरकुरत राहिला.

म्हणजे हा सरस उष्णतेशिवाय, नुसत्या हवेने सुकून धरणारा होता. कडांना हवा लागली, तिथे तो सुकला आणि पोलादासारखा झाला. मध्ये, रुंद फळ्यांच्या पोटात, हवा पोचलीच नाही. तो आत ओलाच राहिला. वाळूच्या पोत्यांखाली तो ओला भाग हळूहळू घसरत गेला, आणि टोकाला माणसाचा भार पडताच उरलेल्या कडांना तो पेलवला नाही. बोटाएवढ्या नमुन्यावर हाच सरस दर वेळी पास झाला असता, कारण बोटाएवढ्या नमुन्यात सगळी कडाच असते.

तिने फळ्या तिरप्या धरल्या. चिकटवण्याआधी त्या कुणीतरी पॉलिश पेपरने घासल्या होत्या, एकाच दिशेने, हात न उचलता. सरस कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत सारखा पसरला होता, एकही बुडबुडा नाही. क्लॅम्पच्या दाबाच्या खुणा एकसारख्या अंतरावर. बाहेर ओघळलेला सरस ओल्या फडक्याने टिपून घेतलेला. आणि ते तेल लावलेले क्लॅम्प.

मोडायचं असेल ते कुणी इतक्या मायेने जोडत नाही.

तिथे तिला कळलं की सगळे उलट्या बाजूने शोधत होते. बाक पडावा असं वाटणाऱ्या माणसाने हे केलेलंच नव्हतं. बाक उभा राहावा, टाळ्या पडाव्यात, आणि त्या टाळ्यांमध्ये एक पाय आपला आहे हे आपल्याला ठाऊक असावं, असं वाटणाऱ्या माणसाचं हे काम होतं. ज्याचा स्वतःचा सरस होता. ज्याचा त्या सरसावर गाढ विश्वास होता, इतका की त्यावर त्याने आपलं सर्वांत जिवाचं माणूस बसवलं. ज्या गोष्टीमुळे तो सुटत होता, तीच त्याला धरून देत होती.

आणि व्हरांड्यातला तो कडांचा प्रश्न. मधला भाग कच्चा राहिला हे अजून तिलाही माहीत नव्हतं, तेव्हा कडांबद्दल विचारावंसं कुणाला वाटेल? आपला सरस कुठे धरेल आणि कुठे धरणार नाही, हे कालपासून डोक्यात दळत बसलेल्या माणसालाच.

तरी हा सगळा तर्क होता. भिंगाखाली धरता येईल असं काही नव्हतं. ती दवाखान्यात गेली. मिस्टर औषधं आणायला खाली गेला होता. म्हातारी टक्क जागी होती. मोडताई दिसताच ती घाईघाईने सांगू लागली, की चूक माझीच, मी धाडकन बसले, माझं वजन का थोडं आहे, कुणाला बोल लावू नका. कुणी विचारलेलंच नव्हतं.

मोडताईने तिचा हात हातात घेतला. "काकू, तुम्हाला बसवताना ते तुमच्या कानात काहीतरी म्हणाले. सगळ्यांनी पाहिलं. काय म्हणाले?"

हा बाण तिने अंधारात सोडला होता. तसं कुणीही पाहिलं नव्हतं. म्हातारीने तोंड खिडकीकडे वळवलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर उतरलं.

"म्हणाला, आई, डावीकडे बस. हा पाय माझा आहे."

६

त्याने काही नाकारलं नाही. व्हरांड्याच्या टोकाला बाकडं होतं. त्यावर न बसता तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि बोलत गेला. प्रेस महाग, वीज महाग. खेड्यातल्या सुताराला तापता प्रेस कुठून मिळणार? तेव्हा गव्हाचाच सरस, पण न तापवता धरणारा, हा त्याचा ध्यास होता. खिडकीखालच्या टेबलावर, चहाच्या कपात, सुट्टीच्या दिवशी तो ते करत होता. नमुने पास होत होते. धाकटीला त्याने एकदा सांगितलं. ती कार्यक्रमाच्या घाईत होती; छान आहे, नंतर बघू, म्हणाली. ते नंतर काही आलं नाही. तो दुसऱ्यांदा बोलला नाही.

मिस्त्री दवाखान्यात गेला आणि जास्तीच्या फळ्या त्याच्या दृष्टीस पडल्या. धाकटीचा खरा पाय त्याने फेकला नव्हता. जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवला होता.

"आणि बाक टिकला असता तर?" मोडताईने विचारलं. "सभेत उठून सांगणार होतात?"

"छे. सभेत कशाला? घरी गेल्यावर. फक्त तिला."

धाकटी कधी येऊन उभी राहिली, दोघांनाही कळलं नव्हतं. तिने किती ऐकलं हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मिस्टर तिच्याकडे पाहू शकला नाही. त्याला ओलांडून ती पुढे आली. मोडताईला म्हणाली, जसं आहे तसं लिही, माझ्यासाठी काही झाकू नकोस, आणि ती आत सासूकडे गेली.

मोडताईने जसं होतं तसं लिहिलं. लिहिताना तिचा हात एकदाच अडखळला: धाकटीचा सरस निर्दोष आहे, या वाक्याशी. कपाटातला पाय आणून तिने यंत्रावर मोडून पाहिला होता. लाकडाच्या चिंध्या झाल्या, सांधा जसाच्या तसा राहिला. असं काम तिने स्वतःच्या हाताने कधीच केलं नव्हतं आणि करणारही नव्हती. तिने ते वाक्य पूर्ण केलं, खाली सही केली.

कारखान्याने व्यवहार कायम ठेवला. संचालकांना पोलिसांत जायचं होतं. म्हातारीने अंथरुणातूनच ठणकावलं की माझा खुबा, माझा मुलगा, तुम्ही कोण? मिस्टरने त्याच आठवड्यात राजीनामा दिला. घरी दोघं एकाच छताखाली होते, पण धाकटीच्या शब्दांत सांगायचं तर, मध्ये फळी टाकल्यासारखे. सोयाबाईंनी धाकटीला जिन्यात थांबवून सासूची चौकशी केली, एवढं मात्र नवीन घडलं.

म्हातारीला घरी सोडायच्या दिवशी दोघी बहिणी दवाखान्याच्या पायऱ्यांवर रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. वरच्या मजल्यावर मिस्टर आईचं सामान बांधत होता. मोडताईला वाटलं, आता बहीण रडेल. नवऱ्याच्या फसवणुकीबद्दल बोलेल, सासूच्या काठीबद्दल बोलेल. धाकटी पायरीच्या कठड्यावर नख घासत राहिली.

"ताई, कडांना खरंच लाकूड फाटलं होतं?"

"हो."

"पूर्ण? चारही बाजूंनी?"

"चारही."

धाकटीचं नख थांबलं. "मी करून पाहिलंय न तापवता. तुला कधी सांगितलं नाही, कुणालाच नाही. दोन वर्षं केलं. एकदाही धरलं नाही, नखाएवढ्या तुकड्यावरसुद्धा. म्हणून तर प्रेस घेतला. आणि हा..." तिने वर खिडकीकडे पाहिलं. "चहाच्या कपात."

मोडताईने बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो ताणलेला जबडा, ते कोरडे, चमकणारे डोळे. आरशात सोडून हे तिने कुठेच पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं ती जिच्याकडे मान वर करून बघत आली, ती एकाच पायरीवर शेजारी उभी होती.

"तो डावा पाय तुझ्याकडे आहे ना?" धाकटी म्हणाली. "एक तुकडा दे मला. कडेचा. त्यात त्याने काय घातलंय ते मी काढते."

देणं अवघड नव्हतं. पाय मोडताईच्या खोलीतच पडून होता. काम संपलं होतं, कुणी विचारलंही नसतं.

"नाही," मोडताई म्हणाली. "ते त्यांचं आहे. हवं असेल तर त्यांना विचार."

"त्याला? मी?"

"तू."

रिक्षा आली. चालकाने दोनदा भोंगा वाजवला. धाकटी हलली नाही. मग तिने पदराने तोंड पुसलं, वळली आणि जिना चढू लागली. आधी भराभर, मग वरच्या वळणाशी आल्यावर हळू. मोडताईला खालून एवढंच दिसलं की वरच्या उघड्या व्हरांड्यात सासूच्या खोलीच्या दाराशी ती थांबली, आणि नवरा होता त्या खोलीत शिरण्याआधी तिने दारावर टकटक केली.